चहात बुडवलेली गरिबी

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी अंधेरी वेस्टला एका वर्कशॉपला गेले होते. वीरा देसाई रोडच्या एका गल्लीत वर स्टुडिओ, खाली कॅफे. दोन तास, अठराशे रुपये, मटेरियल आणि एक कॉफी त्यातच. विषय होता ‘रस्टिक फॅब्रिक क्राफ्ट’. आम्ही बाराजणी होतो. प्रत्येकीसमोर कोऱ्या मांजरपाटाचा एकेक मीटर तुकडा, एक टब आणि टबात कोमट, काळाकुट्ट चहा.

पहिली कृती अशी : नवं कापड चहात बुडवा. त्यात थोडी कॉफी आणि दालचिनीची पूड टाकली की डाग ‘नॅचरल’ दिसतात. पिळू नका, चुरगळूनच वाळवा. मग कडा कात्रीने कापायच्या नाहीत, फाडायच्या. सँडपेपरने घासा म्हणजे सुतं निघतील. त्यानंतर त्याचं हृदय नाहीतर बाहुली शिवायची, पोटात कापूस भरायचा, वर गंजकी घंटी बांधायची. शिवताना ताईंचं वारंवार एकच सांगणं : ‘नीट शिवू नका. टाके वाकडे येऊ द्या. लहान-मोठे येऊ द्या. गरीब घरातल्या बाईने शिवल्यासारखं वाटलं पाहिजे.’

खरं सांगते, तेव्हा मला काहीही खटकलं नाही. मी टाके वाकडे घातले. हृदय छान झालं. बोरिवलीला परत येताना लोकलमध्येच रील टाकलं, आणि पुढच्या तीन महिन्यांत असली अकरा हृदयं मी विकलीसुद्धा. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते कुठल्या उंच कट्ट्यावर बसून लिहीत नाही. त्या टबात माझेही हात होते.

खटकलं ते आईला हृदय दाखवल्यावर. तिने ते हातात घेतलं, उलटं करून मागची शिलाई बघितली (शिवणकाम येणारी बाई वस्तूची पाठ आधी बघते) आणि म्हणाली, ‘असं शिवलं असतं तर तुझ्या आजीने माझ्या हातावर पट्टी मारली असती.’

माझी आजी म्हणजे आईची आई. राहायची घाटकोपरला, भटवाडीत. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. आजोबा कुर्ल्याला गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे काय झालं ते तुम्हाला निदान सिनेमातून तरी माहीत असेल. त्या वर्षी आजी लोकांच्या गोधड्या शिवायला लागली. ज्याच्या त्याने जुन्या साड्या आणून द्यायच्या, दोरा आजीचा, आणि एका गोधडीचे वीस रुपये.

ह्या वीस रुपयांचा हिशेब मी अलीकडे मांडला. साधी एका माणसाची गोधडी चार फूट बाय सहा फूट धरा. ओळींमध्ये अर्धा इंच अंतर धरलं तर शहाण्णव ओळी होतात, प्रत्येक सहा फुटांची. म्हणजे धावदोऱ्याची 576 फूट शिलाई. इंचाला तीन टाके म्हटले तरी वीस हजार सातशेच्या वर टाके. चार-पाच थरांतून सुई काढत सराईत हाताला एका ओळीला वीस मिनिटं लागतात. बत्तीस तास झाले. त्यात साड्या उसवणं, धुणं, थर लावणं, कच्चा दोरा घालणं आलं नाही. वीस रुपये भागिले बत्तीस. तासाला साठेक पैसे.

आता मला सांगा, ह्यात ‘मायेची ऊब’ कुठे बसवायची?

कारण माझं भांडण फक्त अंधेरीच्या चहाशी नाही. ते सोपं आहे. इंग्रजी नावाच्या वर्कशॉपला हसणं आपल्याला जमतंच. पण गोधडी म्हटलं की मराठी माणूस जो एक गहिवर काढतो, त्याचं काय? थंडी पडली की व्हॉट्सअ‍ॅपवर ती कविता फिरायला लागते, आजीच्या लुगड्याचा वास, मामाच्या धोतराचा तुकडा, एकेका ठिगळात एकेक आठवण. मीही फॉरवर्ड केली आहे. त्यात खोटं काही नाही, फक्त अर्धं आहे. माझ्या आजीने शिवलेल्या बहुतेक गोधड्यांत कोणाच्याही मामाचं धोतर नव्हतं. तिला ते मामा माहीतही नव्हते. ती कामावर होती. मजुरी कमी होती, उजेड कमी होता, आणि पन्नाशीच्या आत तिचे डोळे गेले होते सुई ओवायच्या कामातून. गिरणीत आजोबांनी केलं ते काम, त्याचा संप झाला, त्याचा इतिहास झाला. आजीने त्याच खोलीत जमिनीवर बसून केलं ती माया. मायेचा रेट कोण विचारतो?

असल्या घरबसल्या कामासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा एक करार आहे, 177 क्रमांकाचा, 1996 मध्ये झालेला. घरात बसून काम करणाऱ्याला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, एवढंच त्याचं म्हणणं. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपण कविता फॉरवर्ड करतो.

बरं, परत टाक्यांकडे. ‘वाकडं शिवा म्हणजे गरीब बाईने शिवल्यासारखं दिसेल’ हे वाक्य मला आता झोपू देत नाही, कारण ते धादांत खोटं आहे. गरीब घरातली गोधडी जवळून बघितली आहे का तुम्ही? ओळी सरळ असतात. दोरी लावून आखल्यासारख्या. त्याचं कारण सौंदर्यदृष्टी वगैरे असेलही, पण आधी ते तांत्रिक आहे. जुनं कापड विरलेलं असतं, त्याला स्वतःची ताकद उरलेली नसते. चार विरलेले थर एकमेकांना धरून राहतात ते फक्त टाक्यांच्या जोरावर. टाके विरळ आणि लहान-मोठे घातले की जिथे अंतर जास्त तिथे कापड फुगतं, पहिल्या धुण्यात फाटतं, आतल्या चिंध्यांचा गोळा होतो. मग ती गोधडी दगडावर आपटून धुता येत नाही. जी धुता येत नाही ती ह्या घरात कोण ठेवणार?

आणि जुनंच कापड का? ते फुकट असतं म्हणून, हे खरंच. पण नवीन सुती कापड धुतल्यावर आटतं. नव्या कापडाच्या थरांची गोधडी पहिल्या पाण्यात आक्रसते आणि ओळींमध्ये सुरकुत्या धरते. लुगडं दहा-पंधरा वर्षं धुतलेलं असतं, ते जेवढं आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. खळ निघून गेलेली असते, सूत मऊ झालेलं असतं, सुई सहज जाते. नऊवारीचं लांबरुंद कापड तळाला आणि वरती, मध्ये लहान तुकडे, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, जे हाताला लागेल ते वजन. हे ज्ञान आहे. त्याला ‘प्रिमिटिव्ह’ म्हणायचं असेल तर निदान आधी एक ओळ सरळ घालून दाखवावी.

उलट आमचं हृदय. नवं कापड, जे मुद्दाम जुनं केलं. चहातलं टॅनिन आम्लधर्मी असतं, वर्षानुवर्षं सुतात राहिलं की ते सूत कमकुवत करतं, म्हणून संग्रहालयात जुनी वस्त्रं सांभाळणारे लोक चहाच्या रंगापासून लांब राहतात. म्हणजे आम्ही काय केलं? धडधाकट कापड विकत घेतलं, ते आजारी पाडलं आणि वर त्याला ‘अपसायकलिंग’ म्हटलं.

‘श्यामची आई’ सिनेमातलं द्रौपदीचं ते गाणं तुम्हाला आजी-आईने ऐकवलं असेलच. त्यातली गोष्ट आठवा. कृष्णाचं बोट कापलंय, बांधायला चिंधी हवी. सुभद्रेकडे शालू आहेत, पैठण्या आहेत, चिंधी नाही. द्रौपदी अंगावरचं भरजरी वस्त्र फाडते. आपण ही गोष्ट बंधुप्रेमाची म्हणून ऐकतो. मला आता तिच्यात दुसरंच दिसतं : श्रीमंताच्या घरात चिंधी नसते. चिंधी व्हायला कापड झिजेपर्यंत वापरावं लागतं. आमच्या सोसायटीतल्या कपाटांत शंभर कुर्ते आहेत, त्यातला एकही झिजलेला नाही. दोन वर्षांत रंग आवडेनासा होतो आणि तो भांडीवालीकडे जातो, नाहीतर वॉचमनकडे. म्हणून तर आम्हाला चिंधी वर्कशॉपमध्ये जाऊन बनवावी लागते.

आणि गंमत बघा, ह्याच मुंबईत ‘चिंधी’ ही शिवी आहे. चिंधीगिरी करू नकोस, चिंधीचोर कुठला. तीच चिंधी फ्रेममध्ये घातली, भिंत पांढरी असली आणि भिंतीला मालाडच्या पुढचा पिन कोड नसला की ती एस्थेटिक.

ह्या फॅशनला एक जन्मतारीखही आहे. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात रेचल अ‍ॅशवेल यांनी ‘शॅबी शिक’ नावाचं दुकान काढलं. पोपडे उडालेलं फर्निचर, धुऊन धुऊन फिकट झालेली कव्हरं. त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं, घरात लहान मुलं असताना डाग पडायची भीती वाटणार नाही असं घर असावं. पण पुढे बाजाराला जुन्या वस्तू पुरेनात, मग नव्याच जुन्या करायला सुरुवात झाली. जपानमध्येही वेगळं नाही. उत्तरेकडे, आओमोरीच्या थंडीत कापूस पिकत नाही. तिथले शेतकरी तागासारख्या धाग्याच्या कापडावर ठिगळावर ठिगळ लावत, तेच कपडे पिढ्यान् पिढ्या वापरत. त्याला ‘बोरो’ म्हणतात. कित्येक घरांना त्याची लाज वाटायची. आज ते संग्राहक विकत घेतात आणि डिझायनर नव्या जॅकेटवर तशी ठिगळं लावतात. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांनी कामावरच्या फाटक्या पँटींच्या गोधड्या शिवल्या. 2002 मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, वाहवा झाली. 2007 मध्ये त्यांतल्या काहीजणी आपल्याला पैसे नीट मिळाले नाहीत म्हणून कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली. म्हणजे तिथे निदान प्रश्न कोर्टापर्यंत पोचला. तिथल्या बायकांची नावं तरी छापली गेली होती.

आपल्याकडे फाटक्या कापडाला आणखी एक इतिहास आहे आणि तो कुठल्याच मूडबोर्डवर नसतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत असं लिहिलेलं आहे. म्हणजे फाटकं नेसणं ही कोणाची परिस्थिती नव्हती, नेमून दिलेला हिस्सा होता. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ते पुस्तक जाळलं गेलं. त्याच मुक्कामात डॉ. आंबेडकरांनी बायकांसमोर भाषण केलं आणि सांगितलं, की जात ओळखू येईल अशी लुगडं नेसायची पद्धत आणि तसले दागिने सोडा. कपड्यांबद्दल एवढं बोलावं का लागलं, ह्याचा विचार करा. ज्यांच्या अंगावरून चिंध्या उतरवायला एवढी लढाई लागली, त्यांच्या नातवंडांना ‘फाटकं किती सुंदर असतं’ असं आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

‘मग गाडगेबाबांचं काय?’ असं एका मित्राने मला विचारलं. प्रश्न चांगला आहे. ठिगळांचं वस्त्र अंगावर घालूनच ते फिरले. कुठे गोधडेबाबा, कुठे चिंधेबाबा अशी नावं लोकांनी त्यांना दिली. पण त्यांच्या हातात खराटा होता. ते पोचायचे त्या गावचा रस्ता आधी झाडायचे. चिंधी त्यांनी निवडली आणि तिची पूर्ण किंमत भरली, लोक दारातून हाकलायचे तीसुद्धा. आपण चिंधी निवडतो ती गुगल पेवर, आणि एसीत.

आता माझ्या हातून काय झालं ते.

हृदयं खपली म्हणून हिंमत वाढली. एका कॅफेने चाळीस कुशन कव्हर मागितली, ‘व्हिंटेज गोधडी लूक’, सोळा इंच बाय सोळा इंच. एकाचे साडेसहाशे रुपये. मला एवढं शिवणं शक्य नव्हतं. आई म्हणाली, भटवाडीत आजीच्या शेजारच्या काकू अजून शिवतात, विचार त्यांना. मी गेले. चाळ पाडून तिथे टॉवर झालाय, काकू मागच्या गल्लीत भाड्याने राहतात. मी त्यांना नव्वद रुपये नग सांगितले. त्या ‘बरं’ म्हणाल्या. घासाघीस केली नाही. मला आनंद झाला, हेही कबूल करते.

कापड मी नेलं होतं, चहात रंगवलेलं. काकूंनी ते नाकाशी नेलं. ‘ह्याला वास कसला?’ मी सांगितलं. त्यांना वाटलं चुकून सांडला. मी पुन्हा समजावलं, जुनं दिसायला हवंय. ‘मग जुनंच का नाही घेतलंस? माझ्याकडे पिशवीभर आहे.’ मी म्हणाले की जुन्याचा रंग सगळीकडे सारखा येत नाही, कॅफेला चाळीसही सारखी हवीत. हे बोलताना मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय ते.

पहिली पाच कव्हरं आठवड्याने मिळाली. ओळी सरळ. मी फोटो पाठवले, कॅफेकडून उत्तर आलं : फारच नीट आहे, मशीनचं वाटतंय, थोडं रफ करता येईल का. त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब केला. बत्तीस ओळी, सोळा इंची, त्रेचाळीस फूट शिलाई. दोन तास वीस मिनिटं. तुकडे जोडणं धरून तीन तास. तासाला तीस रुपये. आजीला साठ पैसे मिळत होते, चाळीस वर्षांनी मी तीस रुपये देत होते आणि उरलेले पाचशे साठ माझे. त्यात कापड, चहा आणि रिक्षा.

कॅफेला मी लिहिलं की एका कव्हरचे अकराशे होतील, टाके सरळच राहतील आणि शिवणाऱ्या बाईंचं नाव लेबलवर येईल. तिथून तासाभरात ‘नो वरीज’ आलं आणि ऑर्डर गेली. पाच कव्हरं माझ्याकडेच आहेत. काकूंना मी चाळीसचे पैसे दिलेले नाहीत, पाचचेच दिले, पण तीनशे नगाने. उरलेल्या पस्तीसांचं काम त्यांनी धरलं होतं आणि दुसरं एक सोडलं होतं, हे मला नंतर कळलं. ते अजून भरून दिलेलं नाही.

मैत्रिणींशी ह्यावर वाद होतात. एक म्हणते, दिवसभर स्क्रीनवर असतो, दोन तास हाताने काही केलं तर तुझं काय जातं? काहीच जात नाही. शिव की. हात कामात असले की डोकं शांत होतं हे मलाही माहीत आहे. फक्त दुकानातून मांजरपाट आणून त्याला म्हातारं करू नकोस. स्वतःचा जुना कुर्ता घे, पायजमा घे, आईची विरलेली साडी घे. नसेल तर झिजेपर्यंत वापर आणि मग ये. आणि दुसरीकडून शिवून घेणार असशील तर नग सांगू नकोस, तास विचार. दुसरी एक म्हणते, अशाने ह्या वस्तू महाग होतील आणि बायकांचं आहे ते कामही जाईल. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, माझ्यामुळेच एकीचं गेलंय. पण तीस रुपये तासाने टिकणारं काम कोणासाठी टिकतंय ते तिने आधी सांगावं.

आईचं सांगायचं राहिलं. आजीने संपाच्या वर्षी घरच्यासाठी एकच गोधडी शिवली होती. मी ती खूप शोधली, मला तिचे फोटो काढायचे होते, दुसरं काय. आईने शांतपणे सांगितलं की बोरिवलीला राहायला आलो तेव्हाच तिने ती भांडीवालीला देऊन टाकली. बदल्यात स्टीलचा डबा घेतला, झाकणाचा, अजून डाळ त्यातच असते. मी चिडले. ‘आजीची आठवण होती ती!’ आई म्हणाली, ‘तुला आठवण. मला तिच्यात त्या खोलीचा वास यायचा. आम्ही चौघं भावंडं तिच्याखाली झोपायचो, कडेला झोपेल त्याचे पाय बाहेर.’ एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली.

सध्या दर बुधवारी संध्याकाळी मी घाटकोपरला जाते. माझे चार जुने कुर्ते, आईच्या दोन कॉटनच्या साड्या. काकूंकडून शिकते आहे. दोन तासांचे अठराशे देते, जेवढे अंधेरीत दिले तेवढेच. पहिल्या दिवशी त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, मला वेड लागलंय का ते एकदा बघितलं आणि डब्यात ठेवल्या. गेल्या बुधवारी माझ्या अकरा ओळी झाल्या होत्या. काकूंनी चष्मा लावला, गोधडी उलटी केली, बोट फिरवत फिरवत सातव्या ओळीवर थांबल्या.

‘इथून पुढचं सगळं उसव,’ म्हणाल्या. ‘आणि पुढच्या वेळी बारीक सुई आण.’